न्याय कोणाच्या अंगणात?

व्यवहार ठरविताना आपला मराठी माणूस भावासाठी दोन दोन दिवस घासाघीस करतो, मालाची प्रत पारखून घेतो, उधारीची मुदत दहा वेळा वदवून घेतो. आणि एवढे सारे झाल्यावर समोर आलेल्या वीस पानी करारनाम्याच्या शेवटी, चष्माही न लावता, सही ठोकून मोकळा होतो. त्या शेवटच्या पानावर बारीक टायपात एक कलम असते. भांडण झालेच तर ते कोणत्या गावी, कोणत्या न्यायासनापुढे, कोणत्या देशाच्या कायद्याने आणि कोणत्या भाषेत चालावयाचे, हे त्या कलमात लिहिलेले असते. किंमत, मुदत आणि प्रत यांची कलमे व्यवहार सुरळीत चालेपर्यंत कामाची. व्यवहार बिघडला म्हणजे या एका कलमावाचून बाकीची सारी कलमे पांगळी ठरतात. हक्क कागदावर शाबूत आहे, परंतु तो बजावण्यासाठी शेकडो कोस जावे लागते, अशी स्थिती असेल तर तो हक्क असून नसल्यासारखाच नव्हे काय?

सीमाभागातील वाचकाला हा प्रश्न फार फोड करून सांगण्याची गरज नाही. कचेरी कोणत्या गावी आणि कागद कोणत्या भाषेत, या दोन गोष्टींवर माणसाचा न्याय किती अवलंबून असतो, हे तो जन्मभर अनुभवीत आला आहे. परंतु राज्यकारभाराच्या बाबतीत इतका जागरूक असलेला हाच माणूस धंद्याच्या कागदावर आपले न्यायासन आणि आपली भाषा स्वहस्ते दुसऱ्याच्या हवाली करतो, याचे आम्हांला आश्चर्य वाटते. त्याविषयी आज चार शब्द स्पष्ट लिहावयाचे आहेत. उदाहरणासाठी आम्ही बडोद्याकडे पाहणार आहोत. मराठी राजवंशाने वाढविलेले, गुजराती व्यापाराने पोसलेले आणि आज कारखान्यांच्या धुराड्यांनी वेढलेले ते नगर या प्रश्नाची जितकी अंगे दाखविते, तितकी दुसरे क्वचितच दाखवील.

इतिहासापासूनच प्रारंभ करू. पेशवे आणि गायकवाड यांच्यामध्ये जुन्या बाकीचा हिशेब आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा प्रश्न तुंबून राहिला होता. इजारा म्हणजे ठराविक रकमेवर ठराविक मुदतीने घेतलेला वसुलीचा मक्ता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो एक व्यापारी करारच. १८१४ मध्ये त्याची मुदत संपत आली. हा वाद मिटविण्यासाठी गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हे कंपनी सरकारची हमी पदरात घेऊन पुण्यास गेले. हिशेब मिटला नाही, इजाराही मिळाला नाही. आणि २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात शास्त्र्यांचा खून झाला. पुढे १८१७ च्या पुणे येथील तहात अहमदाबादचा इजारा सालिना साडेचार लाखांवर गायकवाडांकडे आला, पण तो इंग्रजांच्या बळावर. त्या प्रकरणातील राजकारण बाजूला ठेवले तरी व्यवहाराचा एक धडा उरतोच. ज्याला दुसऱ्याच्या अंगणात जाऊन हिशेब मागावा लागतो, त्याच्या हातात हमीचा कागद असूनही तो दुबळाच असतो. आज कोणी कोणाचा खून करीत नाही. दुबळ्या पक्षाला दूरच्या शहराच्या फेऱ्या मारावयास लावले की तेवढ्याने काम भागते.

आता आजच्या बडोद्याकडे या. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहान लहान यंत्रशाळा आहेत. तशाच त्या आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतही आहेत. समजा, अशा एका यंत्रशाळेच्या मालकाने कर्ज काढून संगणकावर चालणारे लेथ यंत्र घेतले. यंत्र त्याच्या मालकीचे. परंतु यंत्राला चालविणारी आज्ञावली त्याच्या मालकीची नव्हे, ती केवळ वापरण्याच्या परवान्यावर मिळालेली. परवान्याची वार्षिक रक्कम, दुरुस्तीची हमी, बिघाड किती तासांत दूर करावयाचा, यंत्रात साठलेली कामाची माहिती कोणाची, विक्रेती कंपनी बुडाली तर आज्ञावलीची मूळ संहिता कोणाकडे राहील, असे अनेक प्रश्न त्या करारनाम्यात दडलेले असतात. यंत्र बंद पडले आणि दुरुस्तीस कोणी फिरकेना, म्हणजे मालक करारनामा उघडतो. तेव्हा त्याला प्रथमच कळते की, त्याची तक्रार सिंगापुरातील लवादापुढे, इंग्रजीतून, परदेशी कायद्याप्रमाणे चालावयाची आहे. सिंगापुरास जाण्यायेण्याचा आणि वकिलांचा खर्चच यंत्राच्या किमतीला भिडावयाचा! हमीची दहा कलमे त्याच्या बाजूची असली तरी त्यांचा उपयोग काय?

करार कोठे झाला, हा प्रश्न यंत्रयुगाने किती गुंतागुंतीचा केला आहे, याचा एक दाखला आपल्या विदर्भातील खामगावचा आहे. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका व्यापारी पेढीने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्सशी दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. अहमदाबादेहून प्रस्ताव गेला, खामगावहून होकार आला. पेंड मिळाली नाही म्हणून अहमदाबादच्या पेढीने अहमदाबादेसच दावा लावला. खामगावकरांचे म्हणणे असे की, होकार आम्ही खामगावी उच्चारला, माल खामगावी द्यावयाचा होता, पैसेही खामगावीच मिळावयाचे होते; मग अहमदाबादच्या न्यायालयाचा संबंध काय? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ३० ऑगस्ट १९६५ रोजी न्यायमूर्ती शहा आणि न्यायमूर्ती वांच्छू यांनी बहुमताने ठरविले की, दूरध्वनीवरचा करार होकार जेथे ऐकू येतो तेथे पुरा होतो. म्हणजे तो अहमदाबादेस झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मतभेद नोंदविला. १८७२ च्या करार कायद्याच्या चौथ्या कलमातील शब्द पाहता, होकार एकदा सुटला की तो प्रस्ताव करणाराला बांधतो, सबब करार खामगावी झाला, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा झाला तेव्हा दूरध्वनी जन्माला आला नव्हता; टपालासाठी केलेला नियम तारेतून जाणाऱ्या आवाजाला लावताना देशाच्या सर्वश्रेष्ठ न्यायासनाचेही एकमत झाले नाही. आणि सहा वर्षांनंतर निकाल लागला तो केवळ दावा कोठे चालावयाचा याचा!

या गोंधळावर संसदेने माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यात एक उपाय योजिला. संगणकाने धाडलेला संदेश, पाठविणाराच्या धंद्याच्या जागेवरून निघाला आणि घेणाराच्या धंद्याच्या जागी पोहोचला असे मानावे, मग संगणक कोठेही असो, असे त्याचे तेरावे कलम सांगते. २००८ च्या दुरुस्तीने संगणकावरून झालेला करार केवळ त्या कारणाने निरर्थक ठरत नाही, हेही स्पष्ट झाले. कागदावर सही नव्हती ही सबबही आता चालत नाही. ट्रायमेक्स आणि वेदान्त यांच्या बॉक्साइटच्या व्यवहारात रीतसर करारनाम्यावर सह्या झाल्या नव्हत्या. तरी ईमेलवरून ठरलेल्या अटी पक्क्या असल्यामुळे करार पुरा झाला, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. परंतु तेराव्या कलमाच्या प्रारंभीच एक वाट मोकळी ठेविली आहे: पक्षकारांनी अन्यथा ठरविले नसेल तर! आणि बलिष्ठ पक्ष अन्यथा ठरविल्यावाचून कधी राहतो काय?

हे ठरविण्याचे सामर्थ्य किती आहे, तेही पाहू. न्यायालयाचे दार सर्वस्वी बंद करणारा करार आपल्या करार कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने निरर्थक ठरतो. परंतु दोन न्यायालयांना अधिकार असेल तेथे त्यांपैकी एक निवडण्याची मुभा पक्षकारांना आहे, हे १९७१ मध्ये हकमसिंग विरुद्ध गॅमन या प्रकरणात ठरून गेले. त्या निवडीचे शब्द कसे असावेत, यावरही लढाया झाल्या आहेत. बडोद्याशेजारच्या खेडा जिल्ह्यातील ए. बी. सी. लॅमिनार्ट या कारखान्याने सेलमच्या व्यापाऱ्याला जरीच्या कामाचे धातुसूत विकले; या विक्रीतून निघणारा वाद खेड्याच्या न्यायक्षेत्राधीन राहील, असे करारात लिहिले होते. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, येथे ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ असा शब्द नाही, म्हणून सेलमच्या न्यायालयाचे दार बंद होत नाही. एका शब्दाच्या अभावी कारखानदाराला तामिळनाडूची वाट धरावी लागली. उलट २०१३ मध्ये जयपूरच्या स्वस्तिक गॅसेस आणि इंडियन ऑइल यांच्या वादात त्याच न्यायालयाने ठरविले की, कोलकात्याचे नाव लिहिले तेव्हाच इतरांना वगळण्याचा हेतू प्रकट झाला. ‘फक्त’ नसला तरी चालेल. तात्पर्य, करारात एका गावाचे नाव छापलेले असेल तर ते सहज छापले असेल, अशा भ्रमात कोणी राहू नये.

न्यायालयाच्या बाबतीत निदान एवढे बंधन आहे की, ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही त्याला पक्षकार तो देऊ शकत नाहीत. लवादाच्या बाबतीत हेही बंधन नाही. लवादाचे ‘आसन’ म्हणून ज्या गावाचे नाव लिहाल, तेथील न्यायालयाचा अंमल त्या लवादावर चालतो. मग त्या गावाशी व्यवहाराचा काडीचाही संबंध नसो. इंडस मोबाइल प्रकरणात २०१७ मध्ये मुंबईच्या बाबतीत हेच झाले. त्याहून बोलके उदाहरण गुजरातचे आहे. पासल विंड सोल्युशन्स या कंपनीने २०१० मध्ये जी. ई. पॉवर कन्व्हर्शन इंडिया या कंपनीकडे विद्युत परिवर्तक यंत्रांची मागणी नोंदविली. दोन्ही कंपन्या भारतात नोंदलेल्या. वाद झाला, समेट झाला. समेटाच्या करारनाम्यात लवादाचे आसन लिहिले होते झुरिच! सुनावणी सोयीसाठी मुंबईत झाली. निवाडा विरुद्ध गेल्यावर पासलने म्हटले की, खरे आसन मुंबईच, आणि दोन भारतीय कंपन्यांनी परदेश निवडणे बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२१ रोजी ते अमान्य केले. झुरिच लिहिले म्हणजे झुरिच. निवाडा परदेशी ठरला आणि त्याला आव्हान देण्याची जागाही स्वित्झर्लंडच! आम्ही या निर्णयास नावे ठेवीत नाही. दोन सज्ञान पक्षांनी स्वखुशीने जे लिहिले ते न्यायालयाने पाळावयास लावले, एवढेच घडले. प्रश्न न्यायालयाचा नाही, सही करणाराच्या सावधपणाचा आहे.

कोणी म्हणेल, अशा अन्याय्य अटी न्यायालये रद्द करीत नाहीत काय? करतात; पण कोणासाठी? १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, दुबळ्या पक्षावर लादलेली विवेकाला धक्का देणारी अट निरर्थक ठरविली. परंतु त्याच निकालात हेही बजावले की, दोघेही व्यापारी आहेत आणि व्यवहार व्यापाराचा आहे तेथे हे तत्त्व लागू नये. ग्राहकाला कायद्याने ढाल दिली आहे: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तो आपल्या राहत्या गावीच तक्रार करू शकतो. घरासाठी घेतलेला दूरदर्शन संच बिघडला तर बडोद्याच्या गृहस्थाला बडोद्यातच दाद मिळते. मात्र त्याच गृहस्थाने मोठ्या कारखान्यासाठी लाखोंचे यंत्र घेतले की तो कायद्याच्या दृष्टीने व्यापारी होतो आणि ढाल गळून पडते. पाच कामगारांचा धनी आणि देशोदेशी पसरलेली कंपनी यांना कायदा एकाच तागडीत तोलतो.

लहान कारखानदाराला एक आधार मात्र आहे आणि तो पुष्कळांना ठाऊकही नाही. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठी झालेल्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघू पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज चढते. आणि मुख्य गोष्ट ही की, खरेदीदार देशात कोठेही असो, पुरवठादार ज्या ठिकाणी आहे तेथील परिषदेकडे दाद मागता येते. करारात लवादाचे दुसरे कलम असले तरी हा कायदा वरचढ ठरतो, असा निर्णय गुजरातच्याच नागरी पुरवठा महामंडळ विरुद्ध महाकाली फूड्स या प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी लागला. त्याच निकालाने अशी मेख मारली की, उद्योगाची नोंदणी करारापूर्वी झालेली असावी. २०२५ मध्ये हा मुद्दा मोठ्या न्यायपीठाकडे सोपविला गेला. तथापि त्या वादाच्या भरवशावर शहाण्याने राहू नये. ज्याची नोंदणी झालेली नाही त्याने उद्याचा करार करण्यापूर्वी ती करून घ्यावी. मात्र हा आधार माल पुरविणारासाठी आहे, यंत्र विकत घेणारासाठी नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मोठ्या कंपन्यांचीही एक बाजू आहे, ती ऐकून घेणे न्यायाचे होईल. त्या म्हणतात, आमचा माल शंभर शहरांत खपतो. शंभर न्यायालयांत आम्ही कसे धावावे? गैरसोय खरी आहे. परंतु ज्याची पथारी शंभर शहरांत पसरली आहे, त्याची विक्रीची कचेरी आणि वकीलही त्या शहरांत असतात. लहान गिऱ्हाइकाचा मात्र झुरिचमध्ये कोण असतो? शिवाय २०२० नंतर पडद्यावरून सुनावणी घेण्याचा परिपाठ न्यायालयांत आणि लवादांत सुरू झाला आहे. तेव्हा अंतराची सबब जशी लहान पक्षाला लंगडी पडते, तशी मोठ्यालाही पडली पाहिजे. आमच्या मते यावर एक समतोल तोड आहे आणि ती नवी नाही: जो दावा लावील त्याने प्रतिवादीच्या गावी जावे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे विसावे कलम मुळात याच न्यायबुद्धीवर उभे आहे. कंपनीला पैसे वसूल करावयाचे असतील तर तिने बडोद्यास यावे. कारखानदाराला नुकसानभरपाई हवी असेल तर त्याने कंपनीच्या गावी जावे. या अटीने दोघेही क्षुल्लक कारणासाठी भांडण उकरून काढावयास कचरतील.

परदेशी कंपनीशी व्यवहार असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. भारतीय न्यायालयाचा हुकूमनामा अमेरिकेसारख्या देशात सरळ बजावता येत नाही. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे त्यात सामील असलेल्या देशांत बजावता येतो. अशा वेळी लवाद मान्य करावा, पण आसन अहमदाबाद किंवा मुंबई, आणि कायदा भारताचा, असा आग्रह धरावा. लवाद नेमण्याचा अधिकार एकट्या समोरच्या पक्षाला देऊ नये. आपल्याच वादाचा पंच आपणच नेमण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात अमान्य केली आणि २०२४ मध्ये सरकारी करारांच्या बाबतीत घटनापीठानेही ती समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली.

आता भाषेचा प्रश्न. इंग्रजी करारनामा वाचता आला नाही ही तक्रार सहसा ऐकली जात नाही; सही केली म्हणजे मजकूर मान्य केला, असेच न्यायालय धरून चालते. आपली भाषा या कामाला तोकडी आहे असे जे म्हणतात, त्यांनी बडोद्याचे कर्तृत्व आठवावे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ हा कोश निघाला. इंग्रजी राजव्यवहाराच्या व कायद्याच्या शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू आणि फारसी प्रतिशब्द त्यात दिले आहेत. त्याच्याही आधी कतबा, कौलनामा, जामीन, साक्ष, कलम हे शब्द आपल्या दप्तरात शेकडो वर्षे नांदत होते. पंचांपुढे वाद नेण्यापूर्वी, निवाडा मान्य करू म्हणून उभय पक्ष राजीनामा लिहून देत. आजच्या लवादाच्या कराराचा तो पूर्वजच. फरक इतकाच की तो राजीनामा दोघांनाही कळणाऱ्या भाषेत असे आणि पंच दोघांच्याही ओळखीचे असत.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. पहिली व्यापारी संस्थांकडे. १९१८ पासून चालत आलेल्या बडोद्याच्या फेडरेशन ऑफ गुजरात इंडस्ट्रीजसारख्या संस्थांनी, आणि आपल्या बेळगावच्या व्यापारी मंडळानेही, यंत्रखरेदी, आज्ञावलीचा परवाना, दुरुस्ती आणि मालाचा पुरवठा यांचे नमुना करारनामे मराठी, गुजराती आणि कन्नड भाषांत तयार करून सभासदांच्या हाती द्यावेत. त्यांत न्यायासनाचे कलम शेवटच्या पानावर बारीक टायपात न छापता पहिल्या पानावर ठळक छापावे. एकटा कारखानदार मोठ्या कंपनीशी अटींवर भांडू शकत नाही. पाचशे जणांनी एकच नमुना पुढे केला म्हणजे कंपनीलाही पुनर्विचार करावा लागतो.

दुसरी मागणी सही करणाराकडे. करारनामा हाती आला की तो मागून वाचावयास सुरुवात करावी. वाद कोठे, कोणापुढे, कोणत्या कायद्याने आणि कोणत्या भाषेत, या चार प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत आणि मगच भावाची घासाघीस करावी. उत्तर गैरसोयीचे असेल तर ते बदलून मागावे. कंपनीने नकार दिलाच तर त्या गैरसोयीची किंमत भावातून वजा करून घ्यावी आणि तेही न जमेल तर दुसरे दुकान पाहावे. दोन पैसे स्वस्त मिळालेल्या मालासाठी आपला न्याय परगावी गहाण टाकणे हा व्यापार नव्हे, तो दिवाळखोरीचा प्रारंभ होय. वाचकहो, ज्या हाताने आपण आपल्या गावासाठी अर्जांवर सह्या केल्या, त्याच हाताने न वाचलेल्या कागदावर सही करून आपल्या गावाचे न्यायासन कोणाला देऊन टाकू नका!